कारवानी : माळरानावरील एका शिकारी कुत्र्याचा इतिहास

प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकविताना ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराच्या या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात अशी नोंद आहे. ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून ती नोंद आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. परीक्षेत त्यावर टीप येते, विद्यार्थी ती पाठ करतात आणि ग्रंथ मिटतो. वास्तविक ‘मानसोल्लास’ हा राजाच्या जीवनाचा कोश आहे. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत त्यात सर्व काही येते. राजाच्या मनोविनोदांची जी मोठी यादी त्यात आहे, तिच्यात ‘सारमेयविनोद’ या नावाचे एक प्रकरण कुत्र्यांना आणि त्यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या शिकारीला वाहिलेले आहे. ओवीसाठी आपण ज्या ग्रंथाचे ऋणी आहोत, त्याच ग्रंथात दख्खनच्या शिकारी कुत्र्यांची दखल आहे, ही गोष्ट मात्र आपण वर्गात सांगत नाही. मीही कित्येक वर्षे सांगितली नव्हती.

एकदा सहज बोलण्याच्या ओघात ती सांगितली गेली. तास संपल्यावर माणदेशाच्या बाजूचा एक विद्यार्थी मागे थांबला. “सर, आमच्याकडं कारवानी आहे. तिच्याबद्दल पुस्तकात कुठं काही आहे का?” असे त्याने विचारले. प्रश्न साधा होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. कारवानी हा शब्द मला ऐकून माहीत होता. सडपातळ, उंच, वेगवान कुत्रा, यापलीकडे काही माहीत नव्हते. ज्याच्या घरी ते जनावर तीन पिढ्या वाढत आले, त्याने प्राध्यापकाला त्याचा इतिहास विचारावा आणि प्राध्यापकाने गप्प राहावे, हे मला बरे वाटले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. काही कुत्री नाक जमिनीला लावून वासाने माग काढतात. काही मान वर करून दूरवर पाहतात आणि दिसलेल्या सावजामागे धावून ते वेगाच्या बळावर गाठतात. कारवानी दुसऱ्या वर्गातला. अरबस्तानातील सलूकी, इराण-अफगाणिस्तानाकडील ताझी, इंग्लंडातील ग्रेहाउंड हे त्याचे दूरचे भाऊबंद. आपल्या देशात उत्तरेकडील रामपूर हाउंड आणि दक्षिणेतील चिप्पीपराई, कन्नी ही याच प्रकारची कुत्री होत.

त्याची शरीररचना या एका कामाभोवती घडलेली आहे. खांद्यापाशी उंची साधारण पासष्ट ते बहात्तर सेंटिमीटर. त्या मानाने वजन थोडे, वीस-बावीस किलोपासून अठ्ठावीसपर्यंत. डोके लांबट व अरुंद, जबडा निमुळता पण बळकट, कान मध्यम आकाराचे व कवटीला लागून लोंबणारे. डोळे मोठे, लंबगोल, गडद. लांबट डोक्यामुळे नजरेचा पट्टा रुंद राहतो. छाती खोल असते, कारण आत मोठे हृदय आणि मोठी फुप्फुसे सामावायची असतात. पोट मात्र आत ओढलेले, जणू कोणी कंबरेपाशी दोरी आवळली आहे. पाय लांब, पंजे सशाच्या पंजासारखे लांबट. शेपूट लांब, खाली सोडलेले, टोकाशी किंचित वळलेले. अंगावर आखूड, गुळगुळीत केस. रंग गव्हाळ, तांबूस, पांढुरका, करडा, काळा असे अनेक. याच जातीत कान, पाय व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असलेला एक प्रकार आढळतो. त्याला ‘पश्मी’ म्हणतात.

हा कुत्रा पूर्ण वेगात धावतो तेव्हा प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात: एकदा शरीर पूर्ण ताणलेले असताना आणि एकदा पाय पोटाखाली आकसलेले असताना. कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. चित्ता असाच धावतो. हे साम्य योगायोगाचे नाही. उघड्या मैदानावर काळविटासारखे चपळ जनावर गाठायचे असेल तर निसर्गापुढे आणि माणसापुढे शरीराचा हाच एक नमुना राहतो. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याची परंपरा विसाव्या शतकापर्यंत टिकून होती, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. चित्ता राजाला परवडत असे. शेतकऱ्याच्या आणि मेंढपाळाच्या दारात तेच काम हा कुत्रा करी. सावज तेवढे लहान, बहुधा ससा.

म्हणूनच कारवानीचा इतिहास कुळापासून सुरू न करता भूमीपासून सुरू करावा लागतो. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा जो पट्टा आहे, त्यात माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढे, पुढे धाराशिव-लातूर आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोट येतात. पाऊस कमी, जमीन मुरमाड, झाडे विरळ. बोरीबाभळी आणि गवत एवढीच वनस्पती. येथे नजर कोसभर पोहोचते. काळवीट, ससा, खोकड, लांडगा, माळढोक ही या माळाची प्रजा. नजरेवर शिकार करणारा कुत्रा कोकणात किंवा डांगात घडणे शक्यच नव्हते. तेथे दहा पावलांवर झाडी नजर अडविते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आपण शिकवितो तेव्हा त्या उजाड प्रदेशाला दारिद्र्याची पार्श्वभूमी म्हणून समजावून देतो. परंतु तो उजाडपणा ही एक समृद्ध जीवव्यवस्थाही होती, आणि तिने माणसाबरोबर जनावरेही घडविली, हे सांगायचे आपल्याकडून राहून जाते.

आता नावाकडे वळू. ‘कारवान’ म्हणजे तांडा, शब्द फारसी. ‘पश्मी’ मधला ‘पश्म’ म्हणजे मऊ लोकर. हाही शब्द फारसी. यावरून असे सर्रास सांगितले जाते की इराण, अफगाणिस्तान, अरबस्तान येथून आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तांड्यांबरोबर सलूकी-ताझी जातीची कुत्री दख्खनमध्ये आली आणि त्यांचे वंशज ते कारवानी. बहमनी राज्याच्या स्थापनेपासून (१३४७) दख्खनला पश्चिम आशियातून घोडे आणि माणसे यांचा ओघ सतत लागलेला होता. त्यांच्याबरोबर कुत्री आली असणे अगदी संभवनीय आहे, आणि सलूकीशी असलेले साम्य डोळ्यांना दिसते.

तरीही भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. शब्द परका आहे म्हणून वस्तूही परकीच असली पाहिजे, असे होत नाही. ‘जमीन’ हा शब्द फारसी आहे. म्हणून जमीन बहमनींच्या काळात आली असे कोणी म्हणत नाही. नावाचा इतिहास आणि नाव धारण करणाऱ्याचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास असतात. दख्खनमध्ये शिकारी कुत्रा फारसी शब्दांच्या कितीतरी आधी होता. त्याचा पुरावा दगडावर आहे.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर या गावी एक वीरगळ सापडला. आज तो बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. त्यावरील जुन्या कानडीतील लेख शके ८७२ म्हणजे इ. स. ९४९-५० चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तक्कोलम येथे झालेल्या लढाईचा त्यात उल्लेख आहे. या लढाईत कृष्णाचा मांडलिक, गंग राजा दुसरा बूतुग याने चोळ युवराज राजादित्याला मारले. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. त्याच्या पराक्रमावर राजा प्रसन्न झाला आणि ‘हवे ते माग’ म्हणाला. मणलेराने राजाचा एक कुत्रा मागून घेतला. कुत्र्याचे नाव काळी. पुढे एका रानडुकराशी झुंजताना ते डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मणलेराने आपल्या कुत्र्यासाठी दगड उभा केला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरविली, आणि त्या स्थानाच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली.

दक्षिणेच्या राजकीय इतिहासाची एक मोठी लढाई आपल्याला ज्या शिलालेखावरून कळते, तो मुळात एका कुत्र्याचा मृत्युलेख आहे. इतिहासकारांनी साहजिकच राजादित्याच्या वधाला प्राधान्य दिले. दगड ज्याच्यासाठी उभारला तो तळटीपेत गेला. काळी हा कारवानीचा पूर्वज होता असे माझे म्हणणे नाही. डुकराच्या अंगावर जाणारा कुत्रा वेगळ्या घडणीचा असू शकेल. माझे म्हणणे इतकेच, की दहाव्या शतकात या भूमीवर शिकारी कुत्र्याला नाव होते, किंमत होती, आणि योद्ध्याच्या बरोबरीने वीरगळाचा मान होता. बाराव्या शतकातील ‘सारमेयविनोद’ हा त्याच परंपरेचा पुढचा दुवा. चौदाव्या शतकानंतर आलेली कुत्री या आधीच्या कुळात मिसळली असावीत. भाषेच्या बाबतीत आपण हेच म्हणतो: मराठीत फारसी शब्द आले, रुळले, आणि मराठी मराठीच राहिली.

‘सारमेय’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. सरमेचा पुत्र तो सारमेय. ऋग्वेदात पणींनी लपविलेल्या गाईंचा शोध घेणारी देवशुनी सरमा आहे. दहाव्या मंडलात तिचा आणि पणींचा संवाद येतो. महाभारताच्या आदिपर्वात, पौष्याख्यानाच्या आरंभी, जनमेजयाच्या भावांनी निष्कारण मारलेल्या तिच्या पिलाची कथा आहे, आणि महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. मराठीत मात्र कुत्र्यावरच्या म्हणी पाहिल्या तर त्या बहुतेक तुच्छतेच्या आहेत. शेपूट नळीत घातले तरी वाकडे, कुत्रे हाल खात नाही, वगैरे. या म्हणी गावकुसातल्या, उकिरड्यावरच्या कुत्र्याला पाहून झालेल्या दिसतात. माळावरच्या कुत्र्याने भाषेत वेगळी जागा मिळविली, ती दैवतकथेच्या मार्गाने.

खंडोबाच्या मूर्तीबरोबर कुत्रा असतो. खंडोबा शिकारीला जातो, धनगरांच्या वाड्यावर पोहोचतो आणि बाणाईवर भाळतो, ही कथा जागरणात गायिली जाते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाचा आणि गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा व धनगर या दोहोंचा जो अभ्यास केला, त्यातून या दैवताचे माळरानाशी, मेंढपाळांशी आणि शिकारीशी असलेले नाते स्पष्ट झाले आहे. खंडोबाचे भक्त स्वतःला देवाचे वाघ्ये म्हणवितात आणि देवाची कुत्री मानतात; काही विधींत ते भुंकतात, पात्रातले अन्न हात न लावता तोंडाने खातात. कर्नाटकातील मैलाराच्या गोरवांतही हीच चाल आहे. आतकूरच्या लेखात त्या दगडाच्या पूजेची जबाबदारी ज्याच्यावर सोपविली आहे, तोही गोरवच. ‘मी कुत्रा आहे’ असे अभिमानाने म्हणणारा भक्त ज्या प्रदेशात निर्माण होतो, त्या प्रदेशाने कुत्र्याला केवळ उकिरड्यावर पाहिलेले नसते.

वाघ्या म्हटले की मराठी वाचकाला रायगड आठवतो. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही. रायगडावरील त्याचे स्मारक १९३६ सालचे, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी उभे राहिलेले. ही कथा रुजविण्यात राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाचा वाटा मानला जातो. २०१२ मध्ये तो पुतळा हटविला गेला, काही दिवसांत पुन्हा बसविला गेला, आणि २०२५ मध्ये तो वाद पुन्हा उभा राहिला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मला फक्त एका गोष्टीचे नवल वाटते. जो कुत्रा होता की नाही याबद्दल शंका आहे, त्याच्यासाठी आपण भांडतो. आणि जो आजही माळावर धावतो आहे, त्याची नोंद करण्याचे कष्ट घेत नाही.

नोंद झाली ती एका संस्थानाच्या नावाने. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे मराठा घोरपडे घराण्याचे संस्थान. कानडी साहित्याच्या वाचकांना हे गाव दुसऱ्या कारणाने परिचित आहे: ‘गदायुद्ध’ काव्याचा कर्ता, दहाव्या शतकातील महाकवी रन्न येथला. मुधोळचे मालोजीराव घोरपडे (राज्यकाल १९०० ते १९३७) यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात खेडोपाडी लोक कारवानी म्हणतात, भारतीय केनेल क्लब ‘कॅराव्हान हाउंड’ म्हणून नोंदतो, कर्नाटकात मुधोळ. एका कुत्र्याची तीन नावे, आणि प्रत्येक नावामागे एक मालक: पहिल्यामागे तांडा, दुसऱ्यामागे क्लब, तिसऱ्यामागे संस्थान.

याच हकीकतीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. मालोजीरावांचे लक्ष या कुत्र्यांकडे गेले ते आसपासच्या शिकारी जमातींपाशी ती कुत्री पाहून, असे तीच हकीकत सांगते. म्हणजे जात राजाने घडविली नाही. घडलेली जात राजाने ओळखली. त्याचे श्रेय त्यांना द्यावेच. पण घडविणारे कोण होते? मुधोळ संस्थानातील हलगली या गावाचा इतिहास येथे आठवतो. १८५७ मध्ये इंग्रजांनी शस्त्रे जमा करण्याचा कायदा लागू केला तेव्हा हलगलीच्या बेडरांनी नकार दिला. फौज आली, गाव जाळले गेले, अनेकांना फाशी झाली. या प्रसंगावरची कानडी लावणी प्रसिद्ध आहे. ज्यांचा पिढीजात व्यवसाय शिकार, त्यांच्या हातून शस्त्र गेले की उरतो तो कुत्रा. नोंदवहीत शस्त्र लिहिले जाते. कुत्रा लिहिला जात नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण शिकारी कुत्र्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने राजवाड्याइतकेच हलगलीकडेही पाहिले पाहिजे, एवढे मी निश्चित म्हणेन.

त्या विद्यार्थ्याच्या घरी मी पुढे गेलो. अंगणात लिंबाखाली गव्हाळ रंगाची कुत्री बसली होती. मी आत शिरलो तरी ती भुंकली नाही. उठली, चार पावले मागे सरकली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. पाळीव कुत्र्याला जसे आपण सवयीने चुचकारतो तसा मी हात पुढे केला. विद्यार्थ्याचे आजोबा म्हणाले, “सर, हात लावू नगा. तिची ती यील.” तासभर बोलणे झाले. चहा झाला. ती आली नाही. निघताना मात्र माझ्या मागून, दोन हातांचे अंतर राखून, बांधापर्यंत आली आणि तेथे थांबली.

या जातीच्या स्वभावाचे सार त्या तासाभरात होते. कारवानी परक्याचा स्पर्श सहन करीत नाही. तो चावरा असतो म्हणून नव्हे, त्याला अंतर हवे असते म्हणून. तो कारणावाचून भुंकत नाही. घरातल्या माणसांवर जीव टाकतो, पण लाडीगोडी करीत नाही. एरवी तासन्‌तास निवांत पडून असतो, इतका की नवख्याला तो आळशी वाटावा. दूरवर काही हलले की क्षणात दुसरेच जनावर होतो, आणि मग धन्याची हाक त्याच्या कानी पडत नाही. नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्याला निर्णय स्वतः घ्यावा लागतो. धनी अर्धा कोस मागे असतो, त्याला विचारून वळायला वेळ नसतो. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून हा स्वतंत्र निर्णयाचा गुण रक्तात उतरला. म्हणून आज्ञापालनाच्या कसोटीवर त्याला मंद ठरविणे हा अन्याय आहे. मार आणि ओरडा त्याला मानवत नाही. तो रुसतो, अंग चोरतो, विश्वास काढून घेतो. साखळीला बांधून ठेवला तर झुरतो किंवा बिथरतो. आजोबा म्हणाले, “हिला शिकवावं लागत न्हाई. फकस्त मोडू नये.” मला वाटते, शिक्षकाच्या पेशातल्या माणसाने हे वाक्य लिहून ठेवावे.

अलीकडच्या काळात या जातीचे भाग्य उघडले असे दिसते. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली. त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकातील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन व माहिती केंद्र आहे. २०१६ मध्ये मुधोळची पिले सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’ मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचा उल्लेख करताना मुधोळचे नाव घेतले. त्यानंतर शहरांतून मागणी वाढली.

ही मागणी आनंदाची की काळजीची, हे मला ठरविता येत नाही. कारण ज्या तीन गोष्टींनी हा कुत्रा घडविला, त्या तिन्ही आता राहिलेल्या नाहीत. पहिली शिकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि १९९१ मधील दुरुस्तीने शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. काळवीट आणि माळढोक यांची जी अवस्था झाली ती पाहता दुसरा मार्ग नव्हता. सशामागे कुत्रा सोडणे हा आज गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असला पाहिजे. दुसरी गोष्ट माळ. उजनीचे आणि इतर योजनांचे पाणी आले, ऊस आला, डाळिंब-द्राक्षांच्या बागा आल्या. ज्या माणदेशाने दुष्काळात चारा छावण्या पाहिल्या, त्याला पाणी मिळू नये असे कोण म्हणेल? पण पुरुषभर उंचीच्या उसात नजरेवर जगणारा कुत्रा आंधळा असतो. तिसरी गोष्ट धावायला मोकळे अंतर आणि त्याच्यामागे चालणारा माणूस. शहरातील सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर ठेवलेला कारवानी दिसायला तोच असतो. परंतु केवळ दिसण्यासाठी पैदास होऊ लागली की दोन-चार पिढ्यांत छाती तशीच राहते, दम जातो. डोळे तसेच राहतात, नजर जाते.

येथे एक पेच आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. ज्या कामासाठी ही जात घडली ते काम आपण बंद केले, आणि ते बंद करणे न्याय्य होते. मग जात कशासाठी टिकवायची? राखणीसाठी काही ठिकाणी तिचा उपयोग होतो, सैन्याने व सुरक्षा दलांनी तिला नवे काम दिले आहे. पण केवळ उपयोग हे उत्तर मला अपुरे वाटते. आपण साहित्याचे शिक्षक लावणी, पोवाडा, महानुभावीय गद्य उपयोगासाठी शिकवीत नाही. एखाद्या भूमीने आणि तिच्यावरच्या निरक्षर माणसांनी शतकानुशतके निवड करीत जे घडविले, त्यात त्यांची बुद्धी साठलेली असते. धनगराने, बेडराने, कोरडवाहू शेतकऱ्याने ग्रंथ लिहिला नाही. कोणती मादी कोणत्या नराला द्यायची, कोणते पिलू ठेवायचे, कोणते द्यायचे, हे ठरवीत त्याने हा कुत्रा घडविला. तो त्याचा ग्रंथ आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. आणि आपल्या सर्व मौखिक परंपरांप्रमाणे त्याचीही संहिता माणसांच्या स्मरणात आहे, छापील पुस्तकात नाही.

त्या आजोबांना आपल्या कुत्रीच्या सात पिढ्या आठवत होत्या: आई कोणाकडची, बाप कोणत्या गावचा, कोणत्या वेतातली पिले दुष्काळात गेली. त्यांत १९७२ चा दुष्काळ होता, गावातल्या लग्नांचा कालक्रम होता, कोणाचे कोणाशी का फाटले याच्या हकीकती होत्या. मी वही आणली नव्हती. कागदाचा एक चतकोर मिळाला त्यावर जमेल तेवढे लिहिले. पुढच्या खेपेला वही घेऊन जाईन म्हणालो. परीक्षा आल्या, मूल्यमापन आले, वर्ष गेले. नंतर त्या विद्यार्थ्याचा निरोप आला, आजोबा वारले. कुत्री आहे, तिला पिले झाली आहेत. पण त्या सातांपैकी पहिल्या चार पिढ्या आता कोणालाच सांगता येत नाहीत.

पदव्युत्तर वर्गांना आपण लोकसाहित्याचे प्रकल्प देतो. विद्यार्थी छापील संग्रहांतून ओव्या उतरवून आणतात आणि आपण गुण देतो. माझी सूचना अशी, की माळरानाच्या पट्ट्यातील महाविद्यालयांनी एखादे वर्ष तरी विद्यार्थ्यांना घरोघरच्या कारवानींची नोंद करावयास पाठवावे: पिलांना ठेवलेली नावे, रंगांचे शब्द, पारखण्याच्या खुणा, पिढ्यांची साखळी, मेलेल्या कुत्र्याच्या आठवणी. यातून इतिहास, बोली आणि समाजाचा अभ्यास एकाच वेळी होईल. मणलेराने काळीसाठी दगड उभा केला म्हणून हजार वर्षांनंतर आपल्याला तिचे नाव माहीत आहे. आपल्याला दगड उभारावयाचा नाही. वही न्यायची आहे.

तो विद्यार्थी आता एका शाळेत शिक्षक आहे. यंदाच्या वेतातील एक पिलू त्याने मला देऊ केले. मी शहरात राहतो, घराला अंगण नाही. मी नको म्हटले. त्याऐवजी पिलांची नावे आणि त्यांच्या आईची माहिती लिहून पाठव, असे सांगितले. गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. चार पिले, चारही नावे, तारखेसह. वरच्या ओळीत त्याने लिहिले होते: “सर, आता पुस्तकात आहे.”